विश्लेषण : माळ ओसाड नसतो! ‘बायोटा’ म्हणजे नेमके काय?

कुर्डुवाडी : कुर्डुवाडी जंक्शन सोडून गाडी सोलापूरच्या दिशेने निघाली, की उन्हाळ्यात खिडकीबाहेर पिवळे पडलेले माळ दिसतात. ‘इथे काहीच नाही’ असे सहज म्हटले जाते. पर्यावरणशास्त्रातला ‘बायोटा’ हा शब्द मात्र नेमके उलटे सांगतो. हा शब्द काय आहे आणि सोलापूरच्या माळाशी त्याचा संबंध काय?

बायोटा म्हणजे काय?

एखाद्या प्रदेशात ठरावीक काळात आढळणारे सगळे सजीव म्हणजे बायोटा. मराठीत त्याला त्या प्रदेशाची ‘जीवसृष्टी’ म्हणता येईल. त्यात वनस्पती आणि प्राणी तर येतातच, शिवाय बुरशी आणि मातीतले सूक्ष्मजीवही येतात. ‘बायोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ जीवन.

मिळत्याजुळत्या संज्ञांत फरक काय?

- परिसंस्था : जीवसृष्टी, तिच्याभोवतीचे पाणी, माती, हवा, ऊन हे अजैविक घटक आणि या सर्वांचे परस्परसंबंध. इंग्रजीत ही संज्ञा आर्थर टान्सले यांनी १९३५ मध्ये मांडली.
- अधिवास : एखादी प्रजाती जिथे राहते, खाते आणि पिले वाढवते ती जागा.
- जैवविविधता : जीवसृष्टीत किती प्रकारचे वैविध्य आहे, हे सांगणारी संज्ञा. जनुके, प्रजाती आणि परिसंस्था असे तिचे तीन स्तर.
- जीवावरण : पृथ्वीवर जिथे जिथे जीवन आहे तो संपूर्ण थर.

थोडक्यात, बायोटा म्हणजे घरातली माणसे, तर परिसंस्था म्हणजे माणसांसह अख्खे घर.

माळावर कोण कोण राहते?

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. उथळ, मुरमाड जमीन आणि कमी पाऊस यांमुळे इथे घनदाट जंगल नव्हे, तर गवत वाढते. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते, त्यांवरचे नाकतोडे, ते खाणारे चंडोल आणि सरडे, शिवाय काळवीट, खोकड आणि लांडगा अशी ही साखळी आहे. तिचा सर्वांत प्रसिद्ध सदस्य म्हणजे माळढोक. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, त्यात माढा तालुक्याचाही भाग होता. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. २०११ पासून हा पक्षी जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. नान्नजलाही त्याचे दर्शन आता दुर्मीळ झाले आहे.

झाडे लावली, मग बिघडले कुठे?

माळढोकला दूरवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते. माळाला ‘पडीक’ समजून तिथे गिरीपुष्पासारखी झाडे लावली, की हिरवाई वाढलेली दिसते. पण गवत सावलीत दबते आणि मोकळ्या माळावरचे पक्षी जागा सोडतात. गिरीपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. शेताच्या बांधावर ते हिरवळीच्या खतासाठी उपयोगी ठरते, माळावर मात्र तेच अडचणीचे होते. नांगरणी, बांधकामे आणि विजेच्या तारा यांनीही माळाचे तुकडे पाडले.

उजनीत काय घडले?

भीमेवर धरण झाले आणि वाहत्या नदीच्या जागी जलाशय आला. अजैविक घटक बदलले, तशी जीवसृष्टीही बदलली. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येऊ लागले. दुसरीकडे मूळची आफ्रिकेतली चिलापी पाण्यात पसरली. बाहेरून आलेल्या आणि स्थानिक जिवांना मागे सारणाऱ्या अशा प्रजातींना ‘आक्रमक परकी प्रजाती’ म्हणतात. जलपर्णी हे त्याचे दुसरे उदाहरण. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर ती झपाट्याने वाढते.

नोंद कोण ठेवणार?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायत, नगरपरिषद अशा स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करणे हे तिचे काम. गवतांची नावे, कोणते गवत मेंढ्या आवडीने खातात, कोणता पक्षी कधी दिसतो, ही माहिती मेंढपाळ आणि शेतकऱ्यांकडून घेऊन त्यात लिहिली जाते.

याला महत्त्व आहे. कागदावर जमीन ‘पडीक’ असेल, तर तिचा वापर बदलताना तिथल्या जिवांचा विचार सहसा होत नाही. नोंदवहीत कुसळीपासून लांडग्यापर्यंतची नावे असतील, तर ‘इथे काहीच नाही’ हे उत्तर देणे अवघड होते. आपल्या गावाची नोंदवही झाली आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारता येते.