आमच्यामागे याचं कोण?

दिव्यांग मूल असलेल्या घरात आई-वडिलांच्या मनात हा प्रश्न सतत असतो. मूल लहान असो की चाळिशीचे, प्रश्न बदलत नाही. चौलमधल्या अशा घरांनी सरकारी मदत कशी मिळवावी, घरातली जबाबदारी कागदावर कशी आणावी आणि कोणत्या क्रमाने, ते इथे पाहू. बहुतेक कामे अलिबागला होतात. क्रम चुकला की एसटीच्या फेऱ्या वाढतात आणि दिवसाची मजुरी बुडते.

आधी कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या सज्ञान अपत्याला वडिलांकडून पोटगी मागता येते. भावाने किंवा बहिणीने सांभाळलेच पाहिजे, अशी सक्ती या कलमात नाही. आपल्याकडे मात्र ‘थोरला बघेल’ हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. थोरला बघतोही, पण त्याला कुणी विचारलेले नसते.

दुसरीकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. तो २१ प्रकारची दिव्यांगता मानतो आणि सामाजिक सुरक्षा ही सरकारची जबाबदारी ठरवतो. या दोन जबाबदाऱ्यांमधली रेघ कुठे पडते, ते पुढे पैशांच्या टप्प्यावर दिसेल.

पहिला टप्पा म्हणजे यूडीआयडी, म्हणजेच दिव्यांग व्यक्तीचे देशभर चालणारे ओळखपत्र. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. जवळच्या महा ई-सेवा केंद्रातही तो भरून मिळतो. अर्जात रुग्णालय निवडायचे असते. चौलकरांना सोयीचे ते अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय. तिथे डॉक्टर तपासून दिव्यांगतेची टक्केवारी ठरवतात. २०२४ च्या नियमांनुसार ४० टक्क्यांच्या आत पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे आणि ८० व त्यापुढे निळे कार्ड मिळते. बहुतेक योजनांचे दार ४० टक्क्यांना उघडते.

इथे सर्वाधिक अडते ते नावापाशी. आधारवर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. अर्जाआधी आधार दुरुस्त करून घ्या. ज्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा डोळे टिपता येत नाहीत, त्याचेही आधार निघते; त्यासाठी अपवादाची सोय आहे. केंद्रचालक ‘होणार नाही’ म्हणाला तरी परत फिरू नका.

दुसरी अडचण तपासणीच्या दिवशी येते. कोणत्या प्रकारच्या दिव्यांगतेची तपासणी कोणत्या वारी होते, ते आधी फोन करून विचारा. बौद्धिक अक्षमता, म्हणजे समज वयाच्या मानाने मागे राहणे, असेल तर बुद्ध्यांक चाचणी लागते. जुने औषधोपचाराचे कागद, विशेष शाळेचे अहवाल सगळे बरोबर न्या. लहान मुलांना अनेकदा तात्पुरते प्रमाणपत्र मिळते. त्यावरची मुदत पाहून ठेवा. ती संपली की प्रमाणपत्रावर अवलंबून असलेले लाभही अडतात.

दुसरा टप्पा दरमहाच्या पैशांचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज अलिबागच्या तहसील कार्यालयात जातो. वय ६५ च्या आत हवे. त्यापुढे श्रावणबाळ योजना लागू होते. दिव्यांगता किमान ४० टक्के, राज्यातला १५ वर्षांचा रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांग लाभार्थ्यांची दीड हजारांची रक्कम २०२५ मध्ये वाढवून महिना अडीच हजार करण्यात आली.

आता ती रेघ. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत. भाऊ रेवदंड्याच्या दुकानात कामाला असला तरी घर या मर्यादेबाहेर जाऊ शकते. उत्पन्न कुटुंबाचे मोजले जाते. अंथरुणातल्या माणसाला उचलण्यासाठी आईने सोडलेले काम मात्र कुठेच मोजले जात नाही. मला हे अन्यायाचे वाटते. दिव्यांगतेमुळे वाढणारा खर्च घराच्या उत्पन्नातून वजा व्हायला हवा.

२०१६ च्या कायद्यातच कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून घरी सेवा करणाऱ्याला दरमहा काही रक्कम मिळते. रक्कम छोटी आहे, पण सेवा हे काम आहे हे तिथल्या सरकारने मान्य केले. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. त्या विभागाकडून अशा भत्त्याची अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

अनुदान मंजूर झाल्यावरही दोन गोष्टी सांभाळा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतात, तेव्हा खाते चालू आणि जोडलेले आहे का ते बँकेत पाहा. आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्या. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी उत्तरावर पुढे दाद मागता येत नाही. हक्क डावलला गेला असे वाटले तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

तिसरा टप्पा गावातलाच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यासाठी पंचायतीच्या नोंदवहीत आपल्या माणसाचे नाव हवे. ग्रामसभेत विचारा की यंदा ही रक्कम किती आणि कशावर खर्च झाली. अनेक ठिकाणी मार्चअखेरीस घाईने एकच वस्तू सगळ्यांना वाटली जाते. ज्याला कमोडची खुर्ची हवी त्याला काठी मिळते. गरज लेखी आणि वेळेत कळवली तर हे टळू शकते.

चौथा टप्पा आरोग्याचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही धरला जातो. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

पाचवा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वाधिक टाळला जातो. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. त्यानंतर आई-वडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत सही अडली की हे कळते. वरच्या चार प्रकारांत पालकत्वाचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती मिळून ही समिती बनते, म्हणजे हे कामही अलिबागलाच. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.

अंध, कर्णबधिर किंवा चालता न येणाऱ्या सज्ञान माणसाला केवळ त्या कारणाने पालक लागत नाही. त्याचे निर्णय त्याचेच. ‘तुला काय कळतंय’ म्हणून त्याच्या नावाने इतरांनी सह्या करू नयेत.

मालमत्तेत तर फारच जपा. अलिबागच्या आसपास जमिनीचे भाव चढल्यापासून नारळ-सुपारीच्या वाडीतला प्रत्येक वाटा मोलाचा झाला आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चे कलम २८ स्पष्ट सांगते की आजार किंवा व्यंग आहे म्हणून कुणाचा वारसाहक्क जात नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दिव्यांग मुलाचे किंवा मुलीचे नाव इतर वारसांबरोबर लागलेच पाहिजे. न समजणाऱ्या माणसाच्या अंगठ्याने करून घेतलेले हक्कसोडपत्र, म्हणजे वाटा सोडल्याचा दस्त, न्यायालयात टिकणे अवघड असते. पण तिथवर जायला वर्षे जातात.

‘वाडी थोरल्याच्या नावे करतो, तो धाकट्याला सांभाळेल’ असा तोंडी ठराव करू नका. मृत्युपत्र करायचे असेल तर धाकट्याच्या खर्चासाठी काय राखून ठेवले आणि ते कोण खर्च करणार, हे त्यात लिहा. त्याआधी सगळ्या मुलांना एकत्र बसवून विचारा की कुणाला किती जमेल. मुंबईत नोकरी करणाऱ्या बहिणीला रोजची सेवा जमणार नाही, पण ती विम्याचे नूतनीकरण आणि हिशेब सांभाळू शकेल. ‘मला जमणार नाही’ म्हणणाऱ्यालाही दोष देऊ नका. हे आज कळलेले बरे. पालक म्हणून सुचवलेली व्यक्ती आई-वडिलांच्या वयाची नसावी, आणि ज्याचे नाव देणार त्याने आपल्या माणसाबरोबर निदान काही दिवस एकट्याने राहून पाहिलेले असावे.