वेंगुर्ल्याचे जुने घर पुन्हा नांदते करताना

वेंगुर्ले आज निवांत गाव वाटते. परंतु एके काळी घाटावरच्या मालाचे ते समुद्राकडील दार होते. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. 1812 साली हे बंदर सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. बेळगावकडचा माल आंबोली घाट उतरून येथे येई आणि गलबतांत भरला जाई. 1888 साली मुरगाव बंदरापर्यंतचा लोहमार्ग खुला झाला आणि हा व्यापार हळूहळू तिकडे वळला. पेठ मंदावली, पुढच्या पिढ्या मुंबई, कोल्हापूर, बेळगाव येथे स्थिरावल्या. मागे राहिली ती घरे : जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे खळे, मग ओटी, माजघर, देवघर, मागे पडवी आणि विहीर. दिवाळीत व मे महिन्यात काही दिवस उघडणारी ही घरे पाडावीत की राखावीत, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे आहे.

घर कसे मरते, याचा धडा गावातच आहे. डच वखारीच्या भिंती साडेतीन शतकांनंतरही उभ्या आहेत. गेले ते छप्पर. छप्पर गेल्यावर पाऊस थेट भिंतींच्या माथ्यात शिरला आणि झाडांच्या मुळांनी सांधे उकलले. याउलट जवळच्या सावंतवाडीचा राजवाडा राजघराण्याने राहता ठेवला, तेथे गंजिफा व लाकडी कामाच्या कारागिरांना जागा दिली आणि अलीकडे काही भाग पाहुण्यांसाठी खुला केला. गोव्यात केपे येथील 1787 सालचा डीनचा वाडा मोडकळीस आला होता. एका दांपत्याने तो दुरुस्त करून तेथेच संसार थाटला. हे वाडे मोठे, त्यांचे खर्चही मोठे. पण चिरा, चुना आणि कौल यांचा स्वभाव लहान घरातही तोच असतो.

मात्र गवंड्याच्या आधी गाठावा लागतो तो तलाठी. घर आजोबांच्या नावे, आजोबांना पाच अपत्ये, आता वारस वीस-पंचवीस, आणि खर्च करायला निघालेला एकच नातू, असे चित्र नेहमीचे आहे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात एखाद्या कुळाचे नाव निघाले, तर सारा हिशेबच बदलतो. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा सासरी गेलेल्या आत्या-बहिणींना ‘विचारायचे कशाला’ ही भाषा आता चालणार नाही. ती पूर्वीही शोभणारी नव्हती. कोणी आपला वाटा सोडणार असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. कोणी सोडणार नसेल, तर कोणी किती रक्कम घातली, ती परत कशी मिळायची आणि सुट्टीत कोणती खोली कोणाची, हे लेखी ठरवावे. प्रेमाच्या माणसांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्या घरांतच पुढे दावे उभे राहिलेले दिसतात.

किनाऱ्यालगतच्या घरांना आणखी एक अट आहे. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा सागरी किनारा नियमनाखाली येतो. ना-विकास क्षेत्रात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी मूळ जोत्याच्या मर्यादेतच करता येते. जुने पाडून मोठा बंगला बांधण्याचा बेत तेथे कागदावरच अडतो.

कामाला हात घालताना सुरुवात छपरापासून करावी. वेंगुर्ल्याचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. कौले उतरवून एकेक वाजवून पाहिली की खणखणीत आणि तडकलेली वेगळी होतात. मंगळुरात बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि तिकडची कौले किनाऱ्यावरील गावांत पसरली. सुस्थितीतील जुने कौल फेकण्यात शहाणपण नाही. वासे-रिपा तपासताना वळचणीकडची टोके आणि भिंतीत शिरलेली टोके विशेष पाहावीत. कूज तेथूनच सुरू होते. कुजलेला तेवढा भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड देणारे सुतार कमी उरले आहेत. असा सुतार मिळाला, तर त्याच्या सवडीप्रमाणे कामाचे दिवस ठरवावेत.

सर्वांत मोठा घात होतो तो सिमेंटने. जांभा सच्छिद्र असतो. ओल शोषतो आणि ती बाहेर टाकतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच गळतो. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. चुनकळी विरवून मुरवावी लागते, घाणीत मळावी लागते, गिलाव्यावर कित्येक दिवस पाणी मारावे लागते. ज्याला ‘गणपतीपर्यंत सगळे हवे’ असेल, त्याने हा मार्ग धरू नये. जोडीला काँक्रीटचा स्लॅब टाकण्याचा मोहही टाळावा. खाऱ्या हवेत सळई गंजते आणि तो भार पेलण्यासाठी या भिंती बांधलेल्याच नव्हत्या.

जैन कुटुंबाने या टप्प्यावर गवंड्याशी आधीच बोलून घ्यावे. किनाऱ्यावर चुना शिंपल्यांचा करण्याची रीत आहे. चुनखडीच्या दगडाचा चुना वेगळा मागवावा लागतो. जुन्या पद्धतींत गिलाव्यात कोठे अंड्याचा पांढरा बलक, लाकडाच्या जोडात प्राण्यांचा सरस, चकाकीसाठी कीटकांपासून मिळणारी लाख वापरतात. गूळ व हिरड्याचे पाणी, जवसाचे तेल यांनी काम भागते. वाळवीच्या बाबतीत यतना अधिक उपयोगी पडते. विषारी फवारा मारून जीवहत्या करण्यापेक्षा वाळवीला येण्याचे कारणच ठेवू नये : खांब दगडी तळखड्यावर असावा, भिंतीलगत माती वा पाचोळा साचू नये, माळ्यावर हवा खेळावी, लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल द्यावे.

सोयींना पर्याय नाही. वृद्धांना रात्री अंगण ओलांडून जायला लावणे म्हणजे परंपरा नव्हे. शौचालय व स्नानगृह मागील पडवीत घ्यावे आणि नळ जुन्या भिंतीत खोदून न पुरता बाहेरून न्यावेत. माजघरातील अंधार चार-सहा काचेच्या कौलांनी हटतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात स्वयंपाकघरावरही ती हवीतच. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाला सुमारे तीन लाख लिटर पाणी पडते. त्यातले थोडे टाकीत धरले, तरी मे महिन्यात विहिरीवरचा भार हलका होतो.

देवघराचा निर्णय भावनेने घेऊ नये. प्रतिष्ठित प्रतिमेची पूजा रोज व्हावी लागते. वर्षाचे दहा महिने कुलूप असणाऱ्या घरात ती ठेवता येत नाही; तेथे तीर्थंकरांचे चित्र आणि स्वाध्यायाची जागा पुरेशी आहे.

दुरुस्त केलेले घर वर्षभर कोण उघडणार, याचे उत्तर अनेकजण पाहुण्यांत शोधतात. निवास-न्याहारीची परवानगी मिळू शकते, कमाईही होते. परंतु मालवणी किनाऱ्यावर येणारा पर्यटक मासळीच्या अपेक्षेने येतो, आणि भाड्याने दिलेल्या चुलीवर काय शिजले हे मुंबईत बसून कळत नाही. स्वयंपाकघर आपल्याकडे ठेवून फक्त शाकाहारी भोजन द्यायचे, की कमाई सोडायची, हे सर्व हिस्सेदारांनी पहिल्या पाहुण्यापूर्वी ठरवावे. काही कुटुंबांना शाकाहारी यात्रेकरूंपुरतेच दार उघडणे पटेल. खोल्या कमी भरतील, पण कुरबूर होणार नाही.

खर्चासाठी सामाईक बँक खाते असावे आणि प्रत्येक पावती जपावी. 2001 पूर्वीपासून घराण्यात असलेल्या घराला 1 एप्रिल 2001 चे रास्त बाजारमूल्य आधार धरता येते आणि त्यानंतरचा भांडवली सुधारणेचा खर्च त्यात मिळवता येतो. पुढेमागे विक्री झालीच, तर पावती नसलेला चुना आणि सागवान करसल्लागारही हिशेबात धरू शकत नाही. त्याच वहीत एक पान दरवर्षीच्या कौले परतण्यासाठी राखावे. ते काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकायचे असते. चैत्रातच माणूस सांगून ठेवला नाही, तर मृगाआधी मिळत नाही.