सौंदर्यपूरक कृत्रिम अवयव

सौंदर्यपूरक कृत्रिम अवयव म्हणजे अपघात, आजार, शस्त्रक्रिया किंवा जन्मजात व्यंग यांमुळे नसलेल्या अवयवाच्या जागी बसवण्यासाठी एकाच व्यक्तीच्या मापाने, ठेवणीने व त्वचेच्या रंगाने घडवलेला हुबेहूब अवयव होय. बोटे, हात, पाऊल, नाक, कान, डोळा व स्तन हे अवयव अशा प्रकारे तयार केले जातात. चालणे किंवा पकडणे यांसारखी क्रिया परत मिळवून देणे हा इतर बहुतेक कृत्रिम अवयवांचा हेतू असतो. सौंदर्यपूरक अवयवाचा प्रमुख हेतू मात्र पाहणाऱ्याचे लक्ष त्याकडे जाऊ नये हा असतो. ते घडवण्याच्या शास्त्राला व कलेला ॲनाप्लास्टॉलॉजी म्हणतात. ‘पुन्हा’ आणि ‘घडवलेले’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले आहे.

इतिहास

सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे याने आपल्या ग्रंथांत कृत्रिम नाक, कान व डोळे यांची वर्णने व आकृत्या दिल्या आहेत. त्याच काळातील डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याच्या नाकाचा भाग १५६६ मध्ये द्वंद्वयुद्धात कापला गेला व पुढे तो धातूचे नाक वापरत असे. ते चांदीचे किंवा सोन्याचे असावे असा समज होता. परंतु २०१० मध्ये त्याची कबर उघडून केलेल्या तपासणीत नाकाच्या हाडावर पितळेचे अंश आढळले.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील लढाईमुळे चेहरा विद्रूप झालेल्या सैनिकांची संख्या मोठी होती. शस्त्रक्रियेने ज्यांचा चेहरा पूर्ववत होऊ शकत नव्हता, त्यांच्यासाठी लंडनच्या वॉन्ड्सवर्थ भागातील लष्करी रुग्णालयात फ्रान्सिस डर्वेंट वुड या शिल्पकाराने मुखवटे बनवण्याचा विभाग सुरू केला. सैनिकांनी त्याला ‘पत्र्याच्या नाकांचे दुकान’ असे नाव दिले होते. अमेरिकन शिल्पकार ॲना कोलमन लॅड हिने वुडकडून ही पद्धत समजून घेऊन अमेरिकन रेड क्रॉसच्या साहाय्याने पॅरिसमध्ये असाच स्टुडिओ चालवला.

हे मुखवटे सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचे असत व बहुधा चष्म्याच्या आधाराने चेहऱ्यावर राहत. सैनिकाने मुखवटा घातलेला असतानाच त्यावर रंग दिला जाई. ढगाळ हवेतील त्वचा आणि उन्हातील त्वचा यांच्या मधली छटा त्यासाठी निवडली जाई. दाढी केलेल्या गालावरची निळसर झाकही रंगवली जाई. तथापि मुखवट्यावर हसू उमटत नसे, त्याचा रंग काही वर्षांत उडे आणि सैनिकाचे वय वाढले तरी मुखवट्याचे वाढत नसे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून येणाऱ्या काचेच्या डोळ्यांचा पुरवठा थांबल्यावर अमेरिकेत ॲक्रिलिकचे डोळे बनवण्याची पद्धत विकसित झाली. पुढे मऊ व लवचीक सिलिकॉन रबर उपलब्ध झाले आणि आज चेहरा व हात यांच्या अवयवांसाठी प्रामुख्याने तेच वापरले जाते.

निर्मिती

प्रथम उरलेल्या भागाचे व शक्य असल्यास दुसऱ्या बाजूच्या शाबूत अवयवाचे माप साच्याच्या साहाय्याने घेतात. डावा कान नसल्यास उजव्या कानाची आरशातील प्रतिमा हाच नमुना ठरतो. नाकाला मात्र जोडीदार अवयव नसतो. तेथे जुनी छायाचित्रे किंवा जवळच्या नातेवाइकाच्या नाकाची ठेवण उपयोगी पडते. यानंतर मेणाची प्रतिकृती कोरून ती रुग्णाला लावून पाहतात आणि तिच्यावर सुरकुत्या, रंध्रे व बोटांच्या पेरांवरील रेषा उमटवतात. आता त्रिमितीय स्कॅनिंग व मुद्रणाचाही वापर होतो.

मेणाच्या प्रतिकृतीवरून साचा तयार करून त्यात रंगद्रव्ये मिसळलेले सिलिकॉन थरांथरांनी भरले जाते. खऱ्या त्वचेचा रंग पृष्ठभागावर नसून आतल्या थरांतून दिसतो, म्हणून नुसता वरून दिलेला रंग निर्जीव वाटतो. शिरा दाखवण्यासाठी निळे व तांबडे बारीक तंतू वापरतात. एका प्रकाशात जुळलेला रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळा दिसू शकतो. त्यामुळे दिवसाचा उजेड व दिव्याचा प्रकाश या दोन्हींत तो पडताळावा लागतो.

बोटासारखा अवयव घट्ट बसणाऱ्या आवरणाप्रमाणे उरलेल्या भागावर चढवतात. नाक व कान वैद्यकीय चिकटद्रव्याने किंवा चष्म्याच्या आधाराने बसवतात. पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो हे दाखवून दिल्यानंतर हाडात खुंट बसवून त्यावर चुंबकाने किंवा पकडीने अवयव लावण्याची पद्धतही रूढ झाली.

उपयोग व मर्यादा

हे अवयव अगदीच निष्क्रिय नसतात. कृत्रिम बोटामुळे हाताची लांबी भरून निघते व हलकी वस्तू धरता येते. कानामुळे चष्म्याच्या काडीला आधार मिळतो. लहान मुलाचा डोळा काढावा लागल्यास खोबणीची वाढ खुंटू नये यासाठीही कृत्रिम डोळा आवश्यक असतो.

सिलिकॉनमध्ये स्पर्शज्ञान नसते. ऊन, घाम व चिकटद्रव्ये यांमुळे त्याचा रंग फिकट होतो, कडा फाटतात, आणि चेहऱ्यावरील अवयव साधारणतः काही वर्षांतच बदलावा लागतो. हळद व शाई यांचे डाग सहज निघत नाहीत. खरी त्वचा उन्हाने काळवंडते, अवयव तसाच राहतो. म्हणून काही जण ऋतूनुसार दोन छटांचे अवयव वापरतात. अवयव रोज धुणे व झोपताना काढून ठेवणे आवश्यक असते. प्रत्येक अवयव हाताने घडवावा लागत असल्याने खर्च अधिक येतो आणि तो एकदाच करून भागत नाही.

भारतातील संदर्भ

गेलेला अवयव रुग्णाच्याच ऊतींपासून घडवण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत नाक पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कपाळावरील त्वचेचे माप ठरवण्यासाठी आधी नाकाचा मेणाचा पातळ नमुना केला होता.

आज भारतात चेहऱ्याचे कृत्रिम अवयव बनवण्याचे शिक्षण दंतवैद्यकाच्या कृत्रिम दंतशास्त्र शाखेत दिले जाते. मुखाचा कर्करोग, यंत्रावरील अपघात व ॲसिडहल्ला यांनंतर अशा अवयवांची गरज भासते. २०२१ मध्ये कोविडनंतर पसरलेल्या म्युकरमायकोसिसमुळे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत रुग्णांचे डोळे, टाळू किंवा वरचा जबडा काढावा लागला.

सामाजिक पैलू

कृत्रिम अवयवामुळे लोकांच्या नजरा व प्रश्न टळतात, त्यामुळे कामावर, लग्नकार्यात किंवा प्रवासात वावरणे सोपे होते. दुसरीकडे, व्यंग झाकण्याची गरज पाहणाऱ्यांच्या वृत्तीतून निर्माण होते, असाही विचार मांडला जातो. महायुद्धकाळात इंग्लंडमधील सिडकप येथे विद्रूप चेहऱ्याच्या सैनिकांसाठी काही बाकडी निळ्या रंगाने रंगवली होती. तेथे बसलेल्याच्या चेहऱ्याने दचकू नये अशी ती नागरिकांना सूचना होती. आजही काही व्यक्ती अवयव घरी काढून ठेवतात व बाहेरच वापरतात. काही तो न वापरणेच पसंत करतात. म्हणून अवयव घडवण्यापूर्वी रुग्णाची स्वतःची इच्छा व अपेक्षा समजून घेणे हा उपचाराचा भाग मानला जातो.