तहसीलसमोरच्या सेवा केंद्रातला एक दिवस

सकाळी ८:३०
मलकापूर. शटर वर केलं की आधी सर्व्हर चालू आहे का ते बघायचं. आज चालू आहे. ओट्यावर बायका बसल्याच आहेत, 'लाडकी बहीण' योजनेचे पंधराशे काढायला.

९:१५
कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन अंगठा घेत नाही. ओल्या फडक्यानं पुसला, मग मधलं बोट, मग अनामिका. बऱ्याच झटापटीनंतर पावती निघाली. मावशी म्हणाली, "माह्येच पैसे, अन् मलेच चोरावानी करते हे मशीन!"

१०:४०
मोताळ्याकडचा एक पोरगा कोपऱ्यात उभा. बी.एस्सी.ला आहे. गर्दी ओसरल्यावर मोबाइल पुढं केला. टेलिग्रामवर 'घरबसल्या काम': यूट्यूबचे व्हिडिओ लाइक करा, एका लाइकला ५० रुपये. पहिल्या दिवशी खरोखरच दीडशे जमा झाले. मग 'प्रीपेड टास्क', हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळाले. ग्रुपमध्ये बाकीचे लोक कमाईचे स्क्रीनशॉट टाकत होते. ते लोकही ठगांचेच. शेवटी ६४ हजार अडकले, आणि सोडवायला वर 'टॅक्स' मागितला. पैसे बापाच्या सोयाबीनचे.

"बाबाले सांगू नका, भाऊ."

१०:५०
सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. खाते क्रमांक, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, वेळ. पैसे काल रात्री गेलेत. रात्रीच कळवलं असतं तर बरं झालं असतं, कारण पहिल्या खात्यातून रक्कम बघता बघता चार खात्यांत फुटते आणि कुठल्यातरी एटीएममधून बाहेर पडते. तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले. पुढं राजूर घाट चढून बुलढाण्याचं सायबर ठाणं आहेच.

१२:३०
त्याच्याबरोबर बँकेत गेलो. काउंटरवरून पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतःच पाठवले ना?" पाठवले, खरं आहे. ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानं सांगितलं.

२:००
डबा. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, हाव असली की माणूस फसतोच. असेल. पण २०२३ मध्ये नागपूरचा व्यापारी ऑनलाइन जुगाराच्या ॲपवर ५८ कोटींना बुडाल्याची तक्रार झाली, तो काही अडाणी नव्हता. २०२४ मध्ये देशभरात सायबर ठगांनी सुमारे २२,८४५ कोटी नेल्याचं सरकारनंच संसदेत सांगितलं. एवढी हाव एकाच वर्षात कुठून उगवली?

मला विचाराल तर प्रश्न पैसे घेणाऱ्या खात्याचा आहे. ते कुणीतरी उघडलं, कुठल्यातरी शाखेनं त्याचं केवायसी केलं. ज्या खात्यात वर्षभर दोन हजारांच्या वर शिल्लक नव्हती, त्यात एका दिवसात लाखो येऊन निघूनही जातात, आणि घंटा वाजत नाही. पंधराशेला मात्र पाच बोटं लागतात. घंटा वाजवता येत नाही असंही नाही; अशी खाती हेरायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं 'म्यूलहंटर' नावाचं साधन बनवलंय. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून असे फसवून पाठवायला लावलेले पैसे ८५ हजार पौंडांपर्यंत बँकांनीच भरून द्यायचे असतात. निम्मे पाठवणाऱ्या बँकेनं, निम्मे घेणाऱ्या. खिशाला चटका बसला की बँक खातं उघडताना नीट बघते. जाहिरातीचे पैसे घेऊन असली 'कामं' दाखवणाऱ्या कंपन्यांनाही या वाटणीत ओढायला हवं. आयटी कायद्याच्या कलम ७९ चा, 'मजकूर दुसऱ्याचा, जबाबदारी आमची नाही' हा आडोसा त्यांना फार झाला.

४:३०
दुसरा एक पोरगा. झिरो बॅलन्स खातं पाहिजे, सोबत नवीन सिम. कशाला? "एकजण पासबुक, एटीएम अन् सिम घेते, महिन्याले पाच हजार देते." सकाळच्या पोराएवढंच वय. त्याला बसवलं आणि सांगितलं: त्या खात्यात फसवणुकीचे पैसे आले की पोलीस आधी तुझ्या घरी येतील, कारण नाव तुझं आहे. चहा न पिताच गेला. दुसऱ्या केंद्रात गेला असेल, सांगता येत नाही.

६:४५
सकाळच्या पोराचा फोन. ६४ पैकी ११ हजार एका खात्यात अडवलेत. ते परत मिळवायला अर्ज-विनंत्या आहेतच. बापाला त्यानं स्वतःच सांगितलं म्हणे.

८:००
शटर ओढायच्या आधी दारावर कागद चिकटवला, इथंही लिहितो: पैसे गेले की लाजू नका, नातेवाइकांच्याही आधी १९३० लावा आणि लगेच बँकेला लेखी कळवा. कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. त्या वेळेनंतर तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून गेलेला रुपया बँकेच्या माथी असतो.