एका वास्तूचे अनेक शिल्पकार

घराचा नकाशा एका वास्तुविशारदाने काढावा, ही नेहमीची रीत. परंतु जी वास्तू साऱ्या जगाची, तिचा नकाशा कोणी काढावा? दुसरे महायुद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रसंघापुढे हा प्रश्न उभा राहिला. स्पर्धा लावावी, तर पूर्वीचा अनुभव कडू होता. इ. स. १९२७ मध्ये जिनीव्हा येथील जुन्या राष्ट्रसंघाच्या भवनासाठी स्पर्धा झाली. तीत ३७७ आराखडे आले. परीक्षकांचे एकमत होईना. शेवटी नऊ जणांना सारखेच पहिले पारितोषिक देऊन ते मोकळे झाले. त्या नऊ जणांत ल कॉर्बुझिए हा विख्यात वास्तुविशारद होता. पुढे त्याचा आराखडा बाजूस सारला गेला, आणि ते शल्य त्याच्या मनात कायमचे राहिले.

म्हणून या वेळी निराळा मार्ग पत्करण्यात आला. रॉकफेलर यांनी ८५ लक्ष डॉलर देऊन न्यूयॉर्क शहरात ईस्ट नदीच्या काठची, जुन्या कत्तलखान्यांची जागा मिळवून दिली होती. तेथे काय उभारावे, हे ठरविण्यासाठी दहा देशांतील दहा तज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. फ्रान्सकडून ल कॉर्बुझिए, ब्राझीलमधून ऑस्कर नीमायर, सोव्हिएत रशियातून बासोव, चीनमधून लियांग असे नामवंत एकत्र आले. अमेरिकेचे वॉलेस हॅरिसन प्रमुख होते. १९४७ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत या मंडळाच्या सुमारे पंचेचाळीस बैठका झाल्या, आणि पन्नासाच्या आसपास आराखडे विचारात घेतले गेले.

व्यक्ती तितक्या प्रकृती, हे तर खरेच. पण येथे प्रकृतींबरोबर जीवनमूल्येही भिन्न होती. वरवर पाहता वाद असे तो भिंती, मजले आणि खिडक्या यांचा. मुळाशी मात्र प्रश्न असे तो हा, की या वास्तूत सर्वांत मोठा मान कशाला द्यावयाचा? कागदावरील रेघ इकडची तिकडे सरकली, की तो मानही सरकत असे. ल कॉर्बुझिएच्या मते सर्व राष्ट्रे जेथे एकत्र बसतात, ते आमसभेचे सभागृह म्हणजे वास्तूचे हृदय. ते मध्यभागीच असले पाहिजे. नीमायरला याहून प्रिय होती मोकळी जागा. सचिवालयाचा उंच मनोरा एका बाजूस, आमसभा दुसऱ्या बाजूस आणि मध्ये विस्तीर्ण पटांगण, असे चित्र त्याने मनाशी रंगविले होते. हॅरिसन यांची चिंता अगदीच व्यवहारी. काम वेळेत व्हावे, खर्च आवाक्यात राहावा, आणि कोणीही रागावून निघून जाऊ नये!

यासाठी काही चांगले संकेत पाळले जात. आराखड्यांना क्रमांक दिलेले असत, कर्त्यांची नावे नव्हे. क्रमांकावर टीका करणे हे माणसावर टीका करण्यापेक्षा सोपे जाते. ह्यू फेरिस हा कुशल चित्रकार सुचलेल्या कल्पना कोळशाने रेखाटून दाखवी. त्यामुळे भाषेचा अडसरही काहीसा कमी होई.

तथापि नावे झाकली, तरी वडीलकी झाकत नाही. ल कॉर्बुझिए त्या वेळी एकोणसाठ वर्षांचा, तर नीमायर अवघा एकोणचाळीस वर्षांचा होता. अकरा वर्षांपूर्वी रिओ येथील मंत्रालयाच्या कामात तो ल कॉर्बुझिएच्या हाताखाली शिकला होता. न्यूयॉर्कला येताच ज्येष्ठाने त्याला सांगितले, की तू स्वतंत्र आराखडा मांडू नकोस, त्याने गोंधळ माजेल. माझ्या आराखड्याला साहाय्य कर. शिष्याने ते काही काळ मानले. त्याचा स्वतंत्र विचार हवा म्हणूनच त्याला बोलावले आहे, असे हॅरिसन यांनी बजावले, तेव्हा कोठे तो पुढे आला. त्याचा बत्तिसावा आराखडा मंडळाला पसंत पडला. गुरूचा तेविसावा मागे राहिला.

गोष्ट येथे संपावयाची; पण तशी ती संपली नाही. आमसभा मध्यभागी आण, असा आग्रह ल कॉर्बुझिएने धरला. जिंकलेल्या नीमायरने तो मान्य केला, आणि दोघांनी मिळून २३-३२ हा जोड आराखडा सादर केला. याला औदार्य म्हणावे की भीड? भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात, आणि नीमायरलाही पुढे आपल्या नमतेपणाचा पश्चात्ताप झाला. पण तो हट्टाला पेटला असता, तर ठरलेल्या मुदतीत मंडळ एकमताने उठले असते काय, हाही प्रश्नच आहे.

सर्वांच्याच म्हणण्याला यश आले नाही. सचिवालयाच्या काचेच्या रुंद भिंती पूर्व-पश्चिमेस तोंड करून असल्याने बाहेरून ऊन अडविणारी योजना हवी, असे ल कॉर्बुझिए तळमळून सांगत होता. हॅरिसन यांनी हिरवट निळी काच आणि हवा थंड करणारी यंत्रे यांवर भागविले. श्रेय सर्वांचे मानावे, असे ठरलेले असूनही मूळ कल्पना आपलीच, असे ल कॉर्बुझिए पुढे सांगत राहिला.

एकोणचाळीस मजली सचिवालय १९५० मध्ये वापरात आले, आणि १९५२ च्या ऑक्टोबरात आमसभेचे अधिवेशन तिच्या नव्या सभागृहात सुरू झाले. जेथे हे सभागृह उभे आहे, साधारण तेथेच नीमायरने मोकळे पटांगण कल्पिले होते.