कुलूप आणि शेजारधर्म

सुटी लागली, कीं घरोघरीं गांवीं जाण्याची धांदल उडते. पेट्या भरल्या जातात, फराळाचे डबे बांधले जातात, आणि अखेरीस घरांतील वडील मंडळी दारास कुलूप लावून तें दोनदां ओढून पाहतात. मग सर्वांस वाटतें, आतां घर सुरक्षित झालें! ही समजूत कितपत खरी आहे, याचा येथें थोडा विचार करूं.

आपल्या नेहमींच्या कुलपांत धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असतात व प्रत्येकीस एक खांच असते. खरी किल्ली फिरविली म्हणजे तिचे दांते प्रत्येक पट्टीस नेमक्या उंचीवर उचलतात, सर्व खांचा एका ओळींत येतात, आणि आंतील दांडा सरकतो. पट्टी कमी उचलली गेली तर दांडा अडावाच, परंतु अधिक उचलली गेली तरीहि अडावा, ही युक्ति इंग्लंडांत रॉबर्ट बॅरन यानें १७७८ सालीं योजिली. पुढें १७८४ सालीं जोसेफ ब्रामा यानें निराळ्या रचनेचें कुलूप काढलें. त्याच्या लंडनच्या दुकानांत असें एक कुलूप मांडून, जो तें किल्लीवांचून उघडील त्यास २०० गिनी बक्षीस लावलें होतें. पुष्कळ वर्षें तें कोणासहि साधलें नाहीं. अखेर १८५१ सालीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें १६ दिवसांत मिळून सुमारें ५१ तास खपून तें उघडलें.

या गोष्टीपासून बोध हा, कीं कुलूप चोरास कायमचें अडवीत नाहीं. तें केवळ त्याचा वेळ खातें. हॉब्सपाशीं दिवस होते, चोरापाशीं घटकाभरहि नसते. म्हणून तो कुलूप सहसा उघडीत बसत नाहीं, कोयंडाच उखडतो. यास्तव कोयंड्याचे स्क्रू बाहेरून हातीं लागणार नाहींत अशी व्यवस्था असावी. शिवाय बाहेर लोंबणारें कुलूप 'घरांत कोणी नाहीं' असें ओरडून सांगतें. दाराच्या आंत बसविलेलें कुलूप मौन पाळतें.

अशींच कांहीं बारीकसारीक चिन्हें घराचें गुपित फोडतात. उंबऱ्याशीं साचलेलीं वर्तमानपत्रें, दिवसाढवळ्या जळत राहिलेला दिवा, सुकलेली तुळस! वर्तमानपत्र व दूध आधींच बंद करावें. दागिने बँकेंत ठेवावे. किल्ली पायपुसण्याखालीं अथवा कुंडीखालीं ठेवूं नये. चोर प्रथम तेथेंच पाहतो. आणि हल्लीं प्रवासाचीं छायाचित्रें मोबाईलवरून त्याच दिवशीं सर्वांस दाखविण्याची जी हौस आहे, ती परत येईपर्यंत आवरावी.

परंतु या सर्वांहून मोठा पहारा एकच. तो म्हणजे शेजाऱ्याचा डोळा. जो शेजारी रोज तुळशीस पाणी घालतो, अंगण झाडतो आणि रात्रीं खुट्ट झाल्यास दिवा लावून बाहेर येतो, त्याच्यासारखें कुलूप कोणत्याहि कारखान्यांत घडत नाहीं. तें पैशानें मिळत नाहीं; आपण त्याच्या घरावर जितकी नजर ठेवूं, तितकीच तो आपल्या घरावर ठेवील. तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत गांवीं जाण्यापूर्वीं शेजारच्या घरीं सांगून जा. आणि ते गांवीं गेले, तर त्यांच्या दाराकडे दिवसांतून एकदां तरी पाहून या.