विश्लेषण : घोड्यावर पैज चालते, क्रिकेटवर का नाही?

क्रिकेटचा मोसम आला की सट्ट्याचा विषय निघतोच. तारापूर एमआयडीसीतील कामगार असो वा पालघरमधील दुकानदार, त्याला पडणारे प्रश्न सारखेच असतात. सरकार परवाना देऊन कर का घेत नाही? आणि उधारीवर हरलेले पैसे द्यावेच लागतात का?

राज्याला अधिकार आहे?

आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ‘पैज आणि जुगार’ हा विषय येतो. महाराष्ट्रात मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ लागू आहे. त्यानुसार जुगाराचा अड्डा चालवणे आणि तिथे खेळताना सापडणे, दोन्ही गुन्हे आहेत.

कॅसिनो कायद्याचे काय झाले?

कॅसिनोंना परवाना देऊन कर घेण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्येच केला. मात्र तो लागू करणारी अधिसूचना कधीच निघाली नाही. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ४७ वर्षांत या कायद्याखाली ना कॅसिनो उभा राहिला, ना कर मिळाला.

मग घोड्यांची शर्यत कशी चालते?

तिच्यासाठी १९१२ चा रेसकोर्स परवाना कायदा आणि १९२५ चा पैज कर कायदा असे वेगळे कायदे झाले. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. त्यामुळे महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर पैज लावता येते. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ४० टक्के जीएसटी आहे.

इतर राज्यांत काय?

गोव्यात कॅसिनो आहेत. सिक्कीमने २००८ च्या कायद्याने क्रीडा सट्ट्यालाही परवान्याची वाट दिली, पण २०१५ च्या दुरुस्तीने तो राज्यातील गेमिंग केंद्रांच्या आवारापुरता ठेवला. सट्टा रोखता येत नसेल तर नियमन करावे, असे विधी आयोगाने २०१८ च्या अहवालात सुचवले होते.

मोबाइलवरच्या सट्ट्याचे काय?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग कायदा मंजूर करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. टोळीने बेकायदा सट्टा चालवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ नुसार एक ते सात वर्षे कैद आहे.

उधारीवर हरलेले पैसे द्यावेच लागतात?

कायद्याने नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. त्याच्या वसुलीसाठी दावा चालत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा कायदा आणखी पुढे गेला. पैज लावण्यासाठी मदत म्हणून केलेले व्यवहारही त्याने निरर्थक ठरवले. म्हणून बुकी कोर्टाची पायरी चढत नाही. तो घरी माणसे पाठवतो. वसुलीसाठी धमकी देणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. अशा वेळी दागिने गहाण ठेवण्याआधी पोलीस ठाणे गाठावे. अॅपवर फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.